तिने न सांगितलेल्या चार ओळी

मुलांनो,

मागच्या रविवारी फोनवर धाकटी म्हणाली, "आजी, मला कॉलेजात निबंध लिहायचाय. एकटेपणा आणि हतबलता यांमुळे कादंबऱ्यांतल्या बायका कशा घडतात, असा विषय आहे. तू हे शिकवायचीस ना? चार मुद्दे सांग." मी म्हटलं, लिहून पाठवते. मुद्दे माझ्याकडे आहेत. वहीसुद्धा आहे, कपाटाच्या वरच्या खणात, निळ्या पुठ्ठ्याची. ती काढून टेबलावर ठेवली आणि दोन दिवस तशीच ठेवून दिली. त्या मुद्द्यांपायी मी एका बाईची परीक्षा बुडवली होती. ते आधी सांगितल्याशिवाय मुद्दे पाठवणं मला जमणार नाही. हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. ते असते तर आताही सांगितलं नसतं, असं वाटतं.

आधी जागा सांगते, मग माणसं.

दुष्काळ पडला त्या सुमाराची गोष्ट. आम्ही साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याशी, चढाच्या गल्लीत भाड्याने राहत होतो. आम्हाला पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर होतं. मागे परसात घरमालकांनी पत्र्याची एक खोली बांधली होती, तीही भाड्याने द्यायचे. परसात एक विहीर होती. नळ आल्यापासून तिचं पाणी कोणी पीत नसे, आणि मालकांनी तिच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवून घेतली होती. ही जाळी लक्षात ठेवा, कारण मी ती विसरले होते.

तुमचे आजोबा पाटबंधाऱ्याच्या कामावर पाटणच्या बाजूला असायचे. जीपने सोमवारी जायचे ते कधी शनिवारी यायचे, कधी पंधरा दिवसांनी. तुमचा बाबा आठ वर्षांचा होता. त्याला आम्ही पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये घातलं होतं. चांगली शाळा, चांगलं इंग्रजी, हा माझाच हट्ट होता. तो गेल्यावर मी एम. ए.चा फॉर्म भरला आणि बाहेरून परीक्षेची तयारी सुरू केली. प्रबंधासाठी मी जो विषय घेतला तो तोच, धाकटीचा. त्या वर्षी मी एकापाठोपाठ एक इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या. प्रत्येकीत एक बाई एकटी पडायची. मग कुणी पाणी जवळ करायची, कुणी भ्रमिष्ट व्हायची, कुणी नुसती झुरत जायची. मी वहीत रकाने आखले होते: एकटेपणाचं कारण, हतबलतेची खूण, शेवट. रकाने भराभर भरत होते, आणि मला त्याचं समाधान वाटत होतं.

मागच्या खोलीत ती राहायला आली ती याच दिवसांत. पंचविशीची असेल. माण भागातल्या मेंढपाळ घरातली. घरची शेती होती ती कोरडवाहू, आणि त्या वर्षी तीही करपून गेलेली. सासरचे सगळे मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी नदीकाठच्या गावांकडे निघाले होते. नवरा फौजेत. तो रजेवर आला होता तेव्हा त्याला कळलं की जवानांच्या बायकांसाठी साताऱ्यात शिवणाचा वर्ग निघालाय. दहा महिन्यांचा. शेवटी परीक्षा, पास झालं की सर्टिफिकेट आणि एक मशीन. त्याने स्वतः येऊन खोली बघितली, विहिरीकडे पाहिलं नाही, घाईत होता. बायकोला सोडून तो त्याच दिवशी गाडीला गेला.

जाताना मला म्हणाला, "वैनी, तिला लिवता येत न्हाई. पत्राचं तेवढं बघा."

मी मोठ्या आनंदाने हो म्हटलं.

तेव्हाची ही रीतच होती. साताऱ्यात गल्लीगल्लीत फौजेतल्यांची घरं होती आणि ज्या बाईला लिहिता येत नाही तिचं पत्र शेजारच्या शिकलेल्या बाईने लिहायचं. त्यात उपकार कोणी मानत नसे. रविवारी दुपारी ती भांडी घासून, हात पुसून माझ्या उंबऱ्याशी येऊन बसायची. मी आंतर्देशीय पत्र पाटीवर ठेवायचे. ती सांगायची, मी लिहायचे, आणि शेवटी पूर्ण पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवायचे. ते ऐकून तिने मान हलवली की मगच मी ते चिकटवायचे. हाही रीतीचाच भाग होता आणि त्यात कोणी कसूर करत नसे.

तिची पत्रं म्हणजे अशी:

"लिवा. तब्येत बरी हाय. तुमची कळवा. काजं आता जमत्यात. बाई म्हणल्या तुजा हात सरळ हाय. काल झबलं केलं, गळ्याला चुकलं, उसवून परत केलं. भावजींचा निरोप आला, धा मेंढरं गेली, बाकी बरी हायती. काळजी करू नगा. झालं."

"झालं? एवढंच?" मी विचारायचे.

"मग अजून काय लिवायचं?"

"अगं, तो तिकडे लांब आहे. तुला काय वाटतं ते लिही की."

"काय वाटतंय म्हंजे? बरं वाटतंय. लिवलं की बरं हाय म्हनून."

मला वाटायचं, हिला बोलता येत नाही. दुःख आहे, पण त्याला शब्द नाहीत. इतकी एकटी बाई, ना मूल, ना माणूस, पत्र्याची खोली. हिला बरं कसं वाटेल?

एकदा ती भाकरी करत होती तेव्हा मी मागे काही मागायला गेले. चुलीवरची भाकरी तिने सरळ ताटलीत घेतली, वर ठेचा ठेवला आणि माझ्यासमोरच खायला बसली. वाफ येत होती. म्हणाली, "वैनी, हसाल मला. लगीन झाल्यापासनं गरम भाकरी खाल्ली ती हितं आल्यावरच. घरात समद्यांचं झाल्याबिगर बसायचं न्हाई, तवर गार. आता मी एकटी, मीच समदी." आणि ती खरोखर हसली. मी खोलीत परत आले आणि माझ्या वहीत टिपलं: एकटीने जेवणारी स्त्री. समोरच्या रकान्यात लिहिलं: हतबलतेची खूण.

हे मी आज तुम्हाला जसंच्या तसं सांगते आहे. वही समोर आहे. ते वाक्य अजून तिथे आहे.

शेवटचे दोन महिने राहिले तेव्हा ती पहाटे उठून दिव्याच्या कडेला बसून हातशिलाई करायची. वर्गात सर्वांत आधी पोचायची. परीक्षेला पोलकं शिवायचं होतं, मापापासून बटणांपर्यंत, बाईंच्या देखत. तिने माझं माप घेतलं होतं. "तुमच्या अंगाचं बसलं की कुनाचंबी बसंल," असं म्हणून टेप माझ्या खांद्यावरून फिरवताना ती गालात हसायची. मी तेव्हा बरीच जाड होते. "मशीन मिळालं की गावाकडं न्हाई ठिवनार," एकदा म्हणाली. "तिकडं नेलं की सासूबाई त्येच्यावर पापडाचा डबा ठिवतील. त्येंच्या पलटणीजवळ खोली मिळती म्हनं. तिकडंच जाईन. मशीन हाय तर माझं मी कमवीन, मग कोन न्हाई म्हनंल?" हे सगळं त्या सर्टिफिकेटावर होतं. हे मला माहीत होतं. मला काही माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

आणि तरी मी ते केलं.

त्या रविवारी आजोबांना कामावर जाऊन बारा दिवस झाले होते. पाचगणीहून तुमच्या बाबाचं पत्र आलं नव्हतं. त्याच्या आधीचं जे आलं होतं ते शाळेने फळ्यावरून उतरवून घेतलेलं होतं, सगळ्या मुलांनी सारखंच लिहिलेलं. मी रात्रंदिवस वाचत होते. ती येऊन बसली आणि नेहमीचं सांगितलं: तब्येत बरी, पोलक्याचं कटिंग जमलं, परीक्षेची तारीख लागली, काळजी करू नगा. पत्राची अर्धी बाजू कोरी राहिली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या कोरी," आणि दूध उतू जाईल म्हणून मागे पळाली.

मी ती बाजू भरली. चार ओळी लिहिल्या. "इथे फार एकटं वाटतं. संध्याकाळ झाली की भिंती अंगावर येतात. परसात विहीर आहे, तिच्याकाठी जाऊन पाण्यात बघत उभी राहते. कधी कधी वाटतं, आता पुरे."

ती परत आली. मी पत्र वाचून दाखवलं. तिने सांगितलं होतं तेवढंच वाचलं. चार ओळींवरून डोळे फिरवले, तोंडातून काही काढलं नाही. तिने मान हलवली. मी पत्र चिकटवलं.

मी का लिहिलं, याची उत्तरं मी बरीच शोधली. त्याला तिची किंमत कळावी म्हणून, तो लवकर येईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत असे. पण खरं सांगायचं तर त्या ओळी मला चांगल्या वाटल्या. लिहून झाल्यावर मी त्या दोनदा वाचल्या होत्या.

तीन आठवड्यांनी, सकाळी नऊच्या सुमारास, तिचा थोरला दीर आला. पटका, खांद्यावर घोंगडं, एसटीच्या धुळीने पांढरा झालेला. तो अंगणातच उभा राहिला. ती वर्गाला निघाली होती, हातात कापडाची पिशवी. डोक्यावर पदर घेऊन ती बाजूला झाली.

"आवराआवर कर," तो म्हणाला. "दुपारच्या गाडीनं जायाचं."

"कुटं?"

"आपल्या मानसांत. दुसरं कुटं?"

"भावजी, अठरा दिसांनी परीक्षा हाय."

"मला काय ठावं परीक्षा-बिरीक्षा. त्येचं पत्र आलंय मला. गुर्जींनी वाचून दावलं. ताबडतोब आण, एक दिस एकटी ठिवू नगंस, असं लिवलंय. ह्ये तुला येगळं पाकीट हाय." त्याने बंडीच्या आतून पाकीट काढून पायरीवर ठेवलं.

तिने ते उचललं आणि माझ्याकडे दिलं. अर्थात माझ्याकडेच. दुसरं कोण वाचणार?

मी उघडलं. नवऱ्याचं अक्षर मोठं, शाळेतल्या मुलासारखं. मी आधी मनात वाचलं. "तू विहिरीचं लिहिलं ते वाचून मला जेवण जात नाही. रजा मागितली, मिळत नाही. तुला तिथे ठेवली ही माझी चूक झाली. दादा येईल, त्याच्याबरोबर निघून जा. क्लास राहू दे. मशीन काय, पुढे बघू. तू राहिलीस म्हणजे सगळं राहिलं."

दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मोठ्याने वाचलं. "रजा मागितली, मिळत नाही. दादा येईल, त्याच्याबरोबर निघून जा. क्लास राहू दे." पहिलं वाक्य मी गाळलं, त्याच्या चुकीचं आणि मशीनचंही गाळलं. शेवटचंही गाळलं, कारण ते वाचताना माझा आवाज फुटला असता. तिला त्यातून ऐकू आला तो फक्त हुकूम.

"कशापायी?" ती म्हणाली. "मी काय केलं? वैनी, अजून काय लिवलंय? कशापायी, ते लिवलं असंल की."

"एवढंच आहे," मी म्हटलं.

"भावजी, अठरा दिस. मग तुमी म्हनाल तिकडं येते. मेंढरामागं हिंडते. अठरा दिस ऱ्हाऊ द्या."

तो दुष्ट माणूस नव्हता. पायरीवर बसला, पटका काढून गुडघ्यावर ठेवला. "आगं, मी काय तुजा वैरी हाय व्हय? त्यो तितनं लिवतोय एकटी ठिवू नगं. उद्या काय वाकडंतिकडं झालं तर मी त्येला त्वांड काय दावू?"

"काय हुनार हाय मला? धडधाकट हाय की!" मग ती माझ्याकडे वळली. "वैनी, तुमी सांगा. तुमी शिकल्याल्या, तुमचं ऐकतील. सांगा की मी बरी हाय. तुमी तर बघताय रोजची."

मुलांनो, मला एवढंच म्हणायचं होतं: हो, ती बरी आहे. पत्रातलं ते मी माझ्या मनाने लिहिलं. दोन वाक्यं. घरमालकीण गॅलरीत उभी राहून ऐकत होती. समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या होत्या. इंजिनिअरची बायको, इंग्रजी शिकलेली, दुसरीच्या पत्रात खोटं लिहिते, हे त्या सगळ्यांसमोर बोलायचं होतं.

मी म्हटलं, "त्यांनी काही विचार करूनच लिहिलं असेल."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. रागाने नाही. कुणी ओळखीचं माणूस भलतंच बोललं की आपण कसं बघतो, तसं. मग ती आत गेली. अर्ध्या तासात तिचं सामान बांधून झालं. एक पत्र्याची पेटी आणि एक बोचकं. नवऱ्याचं पाकीट तिने पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवलं. माझ्या मापाचं कापलेलं पोलकं, नुसतं टाके घातलेलं, तिने घडी करून माझ्या हातात दिलं. "तुमचं माप हाय. कुनाकडनं तरी टीप मारून घ्या," म्हणाली.

चार दिवसांनी शिवणवर्गाच्या बाई विचारत आल्या. "आमची सगळ्यात आधी येणारी कुठे गेली हो? परीक्षेला तीच पहिली आली असती." मी सांगितलं, सासरी गेली, अचानक. त्या चुकचुकल्या. "या बायकांचं असंच. घरचे नेतात, मग सगळं संपतं."

मी मान हलवली. पुढच्या वर्षी प्रबंध पूर्ण केला. परीक्षकांना आवडला.

यानंतर आजोबांची बदली सांगलीला झाली आणि मला तिथे कॉलेजात लेक्चररची नोकरी मिळाली. आठवड्यातून दोन तास मी तोच विषय शिकवायचे. मुली शांतपणे ऐकत, काही रडतही. खिडकीशी उभी असलेली बाई, पाण्याकडे बघणारी बाई, असं मी रंगवून सांगायचे. एखादी विचारायची, "मॅडम, या सगळ्या मरतातच का?" मी सांगायचे, "कारण त्यांना दुसरी वाट दिसत नाही." उत्तर सगळ्या लिहून घेत.

सात-आठ वर्षं गेली. एका दुपारी ती आमच्या सांगलीच्या घरी आली. साताऱ्याच्या घरमालकांकडून पत्ता मिळवून आली होती. मी दार उघडलं आणि क्षणभर ओळखलं नाही. अंगाने भरली होती, पायात चपला, हातात कागदांची पिशवी. आजोबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. "कोण आलंय?" म्हणाले. मी सांगितलं, साताऱ्याच्या शेजारी. त्यांनी "या, या" म्हटलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

आतल्या खोलीत मी तिला चहा दिला. तिचा नवरा फौजेतून सुटून आला होता. जवळच्या एका साखर कारखान्यावर वॉचमन होता. कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या होत्या, दोन मुलं होती. मी सगळं विचारत गेले, एकामागून एक, म्हणजे तिने काही विचारू नये. तिने कप खाली ठेवला.

"वैनी, मी वाचायला शिकले."

"अरे वा," मी म्हटलं.

"पोरगं शाळंत जाया लागलं, त्येच्यासंगं मीबी पाटी घिऊन बसले. समदे हसायचे. पर जमलं. आन् पयलं काय वाचलं सांगू? पेटीतलं त्येंचं पत्र. तुमी वाचून दावलं हुतं ते. लय दिस लागलं. एक एक अक्षर जोडून."

मी तिचा कप बशीत सरळ केला.

"त्यात विहिरीचं हुतं. इतकी वर्सं त्येंनी कदी ईशय काढला न्हवता, मला पुन्ना तसं वाटू नये म्हनून. मी त्येंना म्हनलं, कसली विहीर? त्येंनी त्येंच्या ट्रंकंतनं माझं पत्र काढलं. जपून ठिवलं हुतं येड्यानं. मग त्येबी वाचलं." ती पुढे सरकून बसली. "वैनी, खरं सांगू? मला तिची लय कीव आली. म्हनलं, कोन गं बया ही? लय दुखात दिसतीया. मग नाव बघितलं तर माझंच! आन् विहीर म्हनं. आवं, त्या विहिरीच्या जाळीवर मी सांडगं वाळवायची की!"

ती हसली. बाहेर आजोबांनी पेपराचं पान उलटलं ते मला ऐकू आलं.

"मी भांडायला आली न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "एक ईचारू? तुमी तुमचंच लिवलं हुतं का? म्हंजे मला तवाबी वाटायचं. साहेब न्हाईत, पोरगं न्हाई. मी वर्गावरनं यायची तर तुमी रोज खिडकीत हुब्या. मी मनात म्हनायची, ह्या बाईचं कसं व्हायचं?"

मला वाटत होतं मी तिच्याकडे बघत होते. बघत ती होती, आणि मी तिला वहीत भरत होते. मी तिला चहा आणखी हवा का, असं विचारलं.

मग तिने पिशवीतून कागद काढले. कॉलनीतल्या बायका शिवणाचा वर्ग सुरू करणार होत्या. शिकवायला हिलाच घेणार होत्या, कारण कॉलनीतल्या निम्म्या पोरींची झबली-परकर हीच शिवत असे, दुसऱ्याच्या मशीनवर. पण सर्टिफिकेट हवं होतं. तिने चौकशी केली होती. ज्या बायकांनी साताऱ्याचा वर्ग जवळजवळ पुरा करून सोडला, त्यांना परीक्षेला बसायची परवानगी मिळू शकत होती. त्यासाठी अर्ज होता, आणि अर्जासोबत तेव्हाच्या एखाद्या शिकलेल्या, नोकरीतल्या माणसाचा दाखला: बाई अमुक दिवस वर्गाला जात होती आणि अमुक कारणाने तिला सोडावं लागलं.

"कारन आपल्या हातातलं नसलं तर बसू देत्यात म्हनं," ती म्हणाली. "हापिसातल्या बाईनं सांगितलं. म्हनून तुमच्याकडं आले. तुमाला खरं कारन ठावं हाय."

मी कॉलेजचा लेटरपॅड घेतला. वर कॉलेजचं नाव, खाली माझं नाव, पदवी, हुद्दा. ती दहा महिन्यांतले नऊ महिने नियमित वर्गाला जात होती, हे लिहिलं. हुशार आणि कष्टाळू होती, हेही लिहिलं. मग कारण. पेन तिथे थांबलं. खरं लिहायचं तर असं लिहावं लागलं असतं: तिच्या नावावर मी खोटा मजकूर लिहिला, त्यामुळे तिला घरी नेण्यात आलं. हा कागद कुठल्या कुठल्या टेबलावरून जाणार. कुणीतरी तो प्राचार्यांना दाखवणार. आणि बाहेरच्या खोलीत तुमचे आजोबा बसलेले.

मी लिहिलं, "घरगुती अडचणीमुळे प्रशिक्षण अर्धवट सोडावे लागले." सही केली, शिक्का मारला.

तिने कागद घेतला आणि बोट ठेवून वाचू लागली. वेळ लागला. मी उठून खिडकीचा पडदा सारखा केला. "घरगुती" या शब्दावर बोट थांबलं.

"कुनाच्या घरची, वैनी?" तिने विचारलं.

मी पडद्याची दुसरी बाजू ओढली. ती आणखी थोडी थांबली. तिला थांबायची गरज नव्हती, पण थांबली. मला वेळ देत होती, असं आता वाटतं. मग तिने कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि उठली. जाताना बाहेर आजोबांना नमस्कार केला. मला म्हणाली, "येते. जिवाला जपा."

दीड महिन्याने उत्तर आलं. दाखला माझा, म्हणून पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं होतं. घरगुती अडचण हे कारण नियमात बसत नाही, सबब परवानगी देता येत नाही. प्रत अर्जदारास द्यावी. स्टाफरूममध्ये मी ते दोनदा वाचलं. तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. नवा दाखला देता आला असता. मी कोरा कागद पुढ्यात घेतला, "माझ्या आधीच्या दाखल्यात" एवढे शब्द लिहिले. शेजारी बसलेल्या सहकारी बाईंनी विचारलं, "कुणाला लिहिताय?" मी म्हटलं, "काही नाही, एक जुनी ओळख." आणि कागद फाडला.

आलेलं पत्र दुसऱ्या पाकिटात घातलं. तिच्या कॉलनीचा पत्ता लिहिला. सोबत माझी एकही ओळ नव्हती. पाकीट शिपायाकडे देऊन मी तासाला गेले.

कॉलनीतल्या वर्गाला दुसरी सर्टिफिकेटवाली बाई मिळाली, असं पुढे कुणाकडून तरी कळलं. ही त्या वर्गात होती का, आणि होती तर शिकवणारीच्या शेजारी बसायची की शिकणाऱ्यांत, हे सांगणाऱ्याला ठाऊक असेल. मी विचारलं नाही.